भरतीची वेळ आणि खिडकीची वेळ : समुद्रात गळ टाकायला होडी घेतल्याचा अनुभव

खानदेशातून समुद्रावर मासे धरायला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. त्यातला निम्मा मजकूर बंदरावरच्या सरकारी कार्यालयाच्या एका खिडकीसंबंधी आहे, याची कल्पना आधीच देऊन ठेवतो. प्रवासात काही अडले नाही. धुळ्याहून नाशिक, त्र्यंबक, जव्हार असे गाडीने खाली उतरलो. ज्यांना रेल्वे सोयीची वाटते त्यांना भुसावळ-सुरत मार्गाने उधन्यापर्यंत जाऊन तिथून दक्षिणेकडची गाडी धरता येते. आम्ही गेलो ते उत्तर कोकणातले खाडीकाठचे एक लहानसे बंदर आहे. त्याचे नाव देत नाही, कारण ज्या नाखव्याने (होडीच्या मालकाने) आम्हाला मदत केली त्याला त्याच खिडकीसमोर वर्षभर उभे राहायचे असते.

आम्ही सगळे अमळनेर-चोपड्याकडचे, तापीच्या पाण्यात वाढलेले. आमच्यातले आप्पा तर भोई समाजातले; त्यांचे वडील आणि आजोबा नदीवर जाळे टाकूनच जगले. आमच्याकडे पाण्याचा हिशेब सोपा असतो. धरणाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, संस्थेच्या माणसाशी बोलणे झाले की काठावर बसायला कोणी हरकत घेत नाही. समुद्राला ठेकेदार नाही, त्यामुळे तिथे उलट अधिक मोकळीक असेल, असा आमच्यातल्या काहींचा समज होता.

होडी ठरवणे दोन फोनमध्ये झाले. भाडे माणशी नसते, पूर्ण होडीचे असते, आणि ते ठरवताना डिझेल, आमिषाची कोळंबी व बर्फ त्यात धरले आहे की नाही हे स्पष्ट विचारावे, एवढेच त्याबाबत सांगण्यासारखे आहे. आम्हाला सहा हजार रुपये सांगितले आणि डिझेल व आमिष त्यातच होते.

दिवस ठरवताना मात्र पंचांग हाताशी घ्यावे लागते. कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी ढोबळ रीत आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर साडेबारा तासांच्या आत पुन्हा भरती येते. आम्ही गेलो त्या बंदरात खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, आणि ओहोटीला तिथे इतके थोडे पाणी उरते की होडी टेकते. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास, एवढ्याच अवधीत ये-जा करता येते. म्हणून नाखव्याने आम्हाला अष्टमी सुचवली. सकाळी सहाची भरती, साडेसातच्या आत बाहेर पडायचे, आणि संध्याकाळची भरती भरू लागली की साडेचार-पाचच्या सुमारास आत यायचे; मधला सगळा दिवस मासे धरायला मोकळा. शिवाय अष्टमीला भांगाची भरती असते, पाण्याला उधाणासारखी ओढ नसते, त्यामुळे गळाचे शिसे तळाशी एका जागी राहते. हे सर्व त्याने फोनवर इतक्या सहजपणे सांगितले की त्याच्यावर आमचा विश्वास तिथेच बसला.

ती अष्टमी शनिवारी येत होती. राज्य सरकारची कार्यालये २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्याने चालतात. शनिवार-रविवार बंद, इतर दिवशी पावणेदहा ते सव्वासहा. शनिवारी कार्यालय बंद, आणि इतर कोणत्याही वारी ते उघडेपर्यंत वाळूच्या दांड्यावरचे पाणी उतरलेले. म्हणजे होडीतून कोण बाहेर जाणार याची जी नोंद तिथे करायची ती शुक्रवारीच होणे भाग होते. आम्ही शुक्रवारी दुपारी बाराला बंदरावर हजर होतो, हे मुद्दाम नमूद करतो, कारण नंतर आम्हाला ‘तुम्ही उशिरा आलात’ असेही ऐकवण्यात आले.

नोंद कशासाठी असते, याबद्दल माझी तक्रार नाही. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट बळकावून मुंबईला आले होते. तेव्हापासून कोणती होडी कोणाला घेऊन बाहेर पडली, हे किनाऱ्यावर माहीत असावे, असा आग्रह धरला जातो आणि तो योग्यच आहे. आम्ही प्रत्येकाचे मूळ आधार कार्ड, दोन-दोन झेरॉक्स आणि घरच्या एका माणसाचा फोन क्रमांक लिहिलेली यादी घेऊन गेलो होतो. (मोबाइलमधला आधारचा फोटो तिथे चालत नाही. मूळ कार्ड न्यावे.)

खिडकीवरच्या गृहस्थांनी यादी वाचली आणि विचारले, “यातले खलाशी कोण?”

खलाशी कोणी नव्हते. तांडेल (होडी चालवणारा) आणि त्याचा एक मदतनीस होडीचेच होते, त्यांची ओळखपत्रे नाखव्याने आधीच पुढे केली होती. आम्ही भाड्याने होडी घेऊन गळ टाकायला आलेली माणसे आहोत, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले की मासे धरणार म्हणजे मासेमारी, आणि मासेमारीच्या होडीवर जाणाऱ्याकडे मच्छीमाराचे ओळखपत्र हवे. मग आम्हाला प्रवासी म्हणून लिहा, असे मी सुचवले. मासेमारीचा परवाना असलेल्या होडीतून प्रवासी नेता येत नाहीत, असे त्यांचे उत्तर आले. मग आम्हाला काय म्हणून लिहिता येईल, या प्रश्नाला “ते साहेब सांगतील” असे उत्तर मिळाले, आणि साहेब मीटिंगला गेले होते.

त्यांचे प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे पाहिले तर बरोबर होते, हे आता शांतपणे कबूल करावे लागते. मासेमारी नौकेची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना ही एक वाट आहे. त्यामागे १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. पैसे घेऊन माणसे नेण्याचा परवाना ही दुसरी वाट आहे. त्यासाठी नौकेचे सर्वेक्षण होते, किती प्रवासी आणि किती खलाशी हे ठरते, जीवरक्षक जाकिटांची मोजदाद होते. या दोन वाटांच्या मधोमध आमच्यासारखा हौशी माणूस उभा असतो, आणि त्याच्यासाठी त्या छापील तक्त्यात रकानाच नव्हता. ‘खलाशाचे नाव’, ‘ओळखपत्र क्रमांक’, ‘सही’, बस्स. राग येतो तो याचा की हे सर्व आम्ही आठवडाभर आधी फोन करून विचारले होते आणि “या, होऊन जाईल” असे उत्तर मिळाले होते. अमळनेरहून तिथे पोहोचायला रात्र मोडावी लागते. ‘सोमवारी या’ हे वाक्य पालघर-वसईच्या माणसाला सांगणे वेगळे आणि आम्हाला सांगणे वेगळे.

जेवणाची सुट्टी नियमाने अर्ध्या तासाची असते. त्या दिवशी खिडकी एकला बंद झाली ती अडीचच्या पुढे उघडली. तोवर आम्ही भिंतीच्या सावलीत उभे होतो आणि समोर खाडीचे ओसरलेले पाणी पुन्हा चढू लागले होते. खिडकीच्या चौकटीवर निळ्या शाईचे शिक्के उमटलेले होते. शिक्का नीट उमटतो की नाही हे आधी लाकडावर पाहण्याची तिथली सवय असावी. आप्पा त्या ठशांकडे पाहत म्हणाले, “समुद्र दखाले उनूत, अन् कागदं दखत बठनूत.” (समुद्र पाहायला आलो आणि कागद पाहत बसलो.)

चारच्या सुमारास साहेबांशी फोनवर बोलणे झाले. त्यांनी खिडकीवरचेच म्हणणे अधिक अदबीने सांगितले. मी लेखी नकार मागितला. तसा नमुना नसल्याचे कळले. या टप्प्यावर दोन मार्ग सुचवणारे लोक भेटतात. एक म्हणतो, कशाला नोंद करता, पहाटे अंधारात निघून जा. हे कोणीही करू नये. समुद्रात काही घडले तर तुम्ही बाहेर गेला होता याची कुठेही नोंद नसते, आणि होडी अडवली गेली तर दंड व परवान्याची भानगड नाखव्याच्या गळ्यात पडते. दुसरा म्हणतो, खलाशी म्हणून सह्या ठोका. तेही आम्ही नाकारले. खोटी सही करून मिळवलेली सहल मला नको होती, आणि आप्पांना तर त्याहून नको होती. खलाशाचे काम काय असते हे आमच्यात त्यांनाच ठाऊक होते.

तोडगा नाखव्याने काढला. त्याच्या साडूची एक फायबरची होडी पर्यटकांना खाडीत आणि किनाऱ्याजवळ फिरवण्यासाठी होती, आणि तिला प्रवासी वाहतुकीचा परवाना होता. नाखव्याने स्वतःचे भाडे सोडून साडूला फोन लावला, हे त्याचे उपकार. मग आम्ही बंदराच्या दुसऱ्या टोकाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी प्रवाशांची यादी घेतली, आधारशी ताडून पाहिली, होडीवर रंगवलेली प्रवासी संख्या आणि आमची संख्या जुळते का ते विचारले आणि एकच प्रश्न केला, “जाळे नाही ना नेत?” जाळे नव्हते. हातगळ घेऊन बसायला हरकत नाही, धरलेले मासे विकायचे नाहीत, आणि परवान्यातली हद्द ओलांडायची नाही, असे त्यांनी सांगितले व शिक्का मारला. सहाला दहा मिनिटे कमी होती. हे त्या बंदरात सांगितले गेले; दुसरीकडे जाणाऱ्याने तिथे स्वतंत्रपणे विचारावे, आणि विचारताना “मासेमारीला यायचे आहे” असे मोघम न म्हणता “प्रवासी परवान्याच्या होडीतून हातगळ टाकता येईल का” असेच शब्द वापरावेत. आमची सगळी दुपार या एका वाक्याअभावी गेली.

यावरून आठवले : १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी सर्वांना माहीत असते, त्यामुळे ऑगस्ट उजाडताच जायचे बेत आखले जातात. पण प्रवासी होड्या साधारणपणे २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. म्हणून सप्टेंबरपूर्वी जाऊच नये, आणि खरे तर दिवाळीनंतरच जावे. तोवर समुद्र निवळलेला असतो.

शनिवारची सकाळ सुरळीत गेली. जाकिटे घालून पाहिल्याशिवाय होडीत पाऊल टाकू नये. आमच्यापैकी एकाच्या जाकिटाचे बक्कल तुटके निघाले आणि तांडेलाने ते मुकाट्याने बदलून दिले. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या बोटीचा अपघात झाला, त्यानंतर या बाबतीत बंदरांवर कडकपणा आला आहे, असे तो सांगत होता. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावेत. मात्र बाहेर गेल्यावर नेटवर्क जाते, तेव्हा होडीत वायरलेस आहे का हेही पाहावे. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, मळमळू लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही.

तांडेलाने किनाऱ्यावरचे देऊळ आणि मागचा टॉवर एका रेषेत आणून खडपाच्या जागेवर नांगर टाकला. प्लास्टिकच्या बाटलीवर गुंडाळलेले तंगूस (गळाचा दोरा), खाली शिसे, त्यावर दोन गळ, गळाला कोळंबी. तंगूस तर्जनीवरून सोडायचे आणि शिसे तळाला टेकले की वीतभर वर उचलून धरायचे. तापीत आम्हाला तरंगणाऱ्या बुचाकडे पाहण्याची सवय. इथे पाहण्यासारखे काही नसते, जे कळते ते बोटाच्या पेराला. आप्पांना ते पहिल्याच टाकीत साधले. ढोमे बरेच मिळाले, एक बऱ्यापैकी तांबोसा मिळाला आणि शिंगाळे तर नको म्हणताना येत राहिले. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. तांडेल पकडीने ते काटे मोडल्याशिवाय मासा आमच्या हातात देत नव्हता, आणि नवख्यांनी या बाबतीत हौस दाखवू नये. दुपारनंतर खारा वारा सुटला की होडी हलू लागते. जेवण त्याआधी उरकावे. कळण्याची भाकरी आणि ठेचा समुद्रावरही उत्तम लागतो.

परतताना मासे थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या थरांवर रचून आणले. पाणी बाहेर निघायला पेटीला तळाशी भोक ठेवावे, नाहीतर वितळलेल्या पाण्यात मासा मऊ पडतो. अमळनेरला पोहोचेपर्यंत ते टणक राहिले होते, आणि शिंगाळ्याला काळा मसाला चांगला मानवतो, असे घरच्यांचे मत पडले.

पुन्हा जायचे आहे आणि त्याच नाखव्याकडे जायचे आहे. हौशी माणसाला त्या तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहायचे, यासंबंधी काही परिपत्रक असल्यास त्याची प्रत द्यावी, असा अर्ज मी पहिल्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली पाठवला आहे. पोच आली आहे. तीस दिवसांची मुदत अजून संपायची आहे.