फर्नपास ओलांडण्याआधी

म्युनिकमध्ये जुनी गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने हिवाळी टायरचा संचही सोबत दिला. मोठा खर्च वाचला म्हणून आम्ही खूश. नोव्हेंबर २०२४ मध्ये फर्नपास घाटातून ऑस्ट्रियातल्या टिरोलला जायचं ठरलं आणि टायर तळघरातून वर आणले.

बायकोने टायरच्या कडेवरचे आकडे वाचले: ३८१६. म्हणजे २०१६ सालचा ३८वा आठवडा, आठ वर्षांचं रबर. जवळच 'एम+एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरं. तीन शिखरांच्या डोंगरातला हिमकण, म्हणजे हिवाळी टायरचं अधिकृत चिन्ह, कुठेच नाही. नुसत्या एम+एसला हिवाळी टायर मानायची जर्मनीतली सवलत ३० सप्टेंबरलाच संपली होती. खाचांची खोली मोजली तर जेमतेम ३ मिमी. जर्मनीत किमान १.६ मिमी लागते, पण ऑस्ट्रियात ४ मिमीपेक्षा झिजलेला टायर हिवाळी धरतच नाहीत. आणि तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. पोरीला मागे बसवून त्या टायरांवर निघणार होतो, या विचाराने झोप उडाली.

हिमकणाचं चिन्ह असलेले ऑल-सीझन टायर कायद्याला चालतात. गाडी शहरापुरतीच असती तर तेच घेतले असते. पण आम्ही हिवाळ्यात चार-पाचदा डोंगरात जातो. पावसाळ्यात वरंध घाट चढलो-उतरलोय, त्यामुळे वळणांची भीती नाही. पण बर्फावर ब्रेक दाबूनही गाडी सरकतच राहते, हे आदल्या वर्षी पार्किंगच्या उतारावर अनुभवलं होतं. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं आणि त्याच्या बारीक चिरा बर्फाला धरतात.

आडॅक या जर्मन वाहनचालक संस्थेच्या टायर-चाचण्या बघताना मी आधी फक्त बर्फावरचे गुण पाहत होतो. मग लक्षात आलं, म्युनिकचा हिवाळा बहुतेक ओला असतो. ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग तितकंच महत्त्वाचं. त्यात कमी पडणारे दोन टायर यादीतून काढले. शेवटी २०५/५५ आर१६ मापाचे चार नवे घेतले. सुमारे ५० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्या, असं मेकॅनिकने बजावलं. तेही केलं. डिकीत बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या टाकल्या.

फर्नपासची उंची सुमारे १,२१० मीटर. माथ्याच्या अलीकडे बर्फ सुरू झाला, पुढची रांग थांबली, आम्हीही चढावर थांबलो. रांग हलली तशी पहिला गियर टाकून क्लच अगदी सावकाश सोडला. चाकं जागच्या जागी फिरली नाहीत. गाडी सरळ वर चढली. मागे पोर झोपली होती, तिला कळलंही नाही.