काजूच्या कंटेनरपायी डॉलरच्या बाजारात

वेंगुर्ल्याकडच्या आम्हा लहान काजू कारखानदारांपाशी वर्षभराची बी भरून ठेवायला भांडवल नसतं. गावची बी संपली की आफ्रिकेची. एरवी आम्ही ती मंगळूरच्या आयातदाराकडून रुपयांत घेतो. गेल्या वर्षी तिघांनी मिळून थेट बेनिनचा कंटेनर मागवला. १५ टन, टनाला १,४०० डॉलर, म्हणजे २१,००० डॉलर आणि पैसे दोन महिन्यांनी. बीचा आउटटर्न आम्हाला कळतो. ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघेल, ते दहा बिया कापल्या की अंदाजाने सांगता येतं. डॉलरचा अंदाज मात्र कोणाला येणार? तो ५० पैशांनी चढला तरी आमचे १०,५०० रुपये जादा जाणार होते.

आधी बँकेत गेलो. फॉरवर्ड करून देतो म्हणाले, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा दर आजच बांधून द्यायचा, पण त्यासाठी वेगळी लिमिट हवी, आणि दरात त्यांनी धरलेला फरक आम्हाला झेपण्यातला नव्हता. मग एनएसई या शेअर बाजारातला करन्सी फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा आज ठरलेल्या भावाचा सौदा. डॉलर चढला तर यात होणारा फायदा कंटेनरचे जादा पैसे भरून काढतो. डीमॅट खातं होतंच. त्यावर हा चलनाचा विभाग (सेगमेंट) चालू करायला सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट अपलोड केलं, आधार ओटीपीने सही केली. इथवर सगळं मोबाईलवर झालं. त्यानंतर ब्रोकरचा फोन आला : तुमचं डॉलरचं देणं-घेणं आहे का? असेल तर घोषणापत्र द्या. आमच्याकडे आयात-निर्यात कोड होता, प्रोफॉर्मा इनव्हॉइस होतं. दोन्ही पाठवलं आणि काम झालं.

हा प्रश्न का, ते समजून घेण्यासारखं आहे. एक्स्चेंजवर डॉलर-रुपया फ्युचर्स ऑगस्ट २००८ मध्ये सुरू झाला आणि पुढे कितीतरी किरकोळ ट्रेडर नुसत्या तेजी-मंदीसाठी त्यात उतरले. रिझर्व्ह बँकेने ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं की सौद्यामागे खरी जोखीम, म्हणजे डॉलरचं खरं देणं-घेणं हवं. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण जोखीम असायलाच हवी. अंमल आधी ५ एप्रिलला होणार होता, तो ३ मेवर गेला. तेव्हापासून या सेगमेंटमधली उलाढाल पार ओसरली.

माझा भाचा बाजारात माझ्यापेक्षा जुना. त्याला वाटलं, मामा खेळतो तर आपणही. त्याचं डॉलरचं काहीच देणं नाही, त्यामुळे त्याला हे दार बंद. मला विचाराल तर त्याचं फार काही बुडालं नाही. डॉलर-रुपयाचा लॉट, म्हणजे सौद्याचं एकक, १,००० डॉलरचा, मार्जिन, म्हणजे आधी भरायची अनामत, अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास, आणि एक पैसा हलला की लॉटमागे १० रुपये. रोजची हालचाल बहुधा काही पैशांचीच. रुपया फार उसळायला लागला की रिझर्व्ह बँक डॉलर विकून किंवा घेऊन त्याला आवरते. २०२३ सालभर तो ८१ ते ८३ च्या आसपासच रेंगाळत होता. निफ्टीच्या मंगळवारच्या एक्सपायरीची, म्हणजे सौदे संपण्याच्या दिवसाची सवय लागलेल्या माणसाला हे कंटाळवाणंच वाटणार. तो रोज संध्याकाळी विचारायचा, “मामानु, तुमचो डॉलर झोपलो काय?”

त्याच्या निफ्टी ऑप्शन्सकडे मी कधी वळलो नाही. सेबीनेच २०२४ मध्ये आकडे दिले होते : तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमधले (फ्युचर्स-ऑप्शन्समधले) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. शेअर घेऊन ठेवणं वेगळं, तिथे निदान कंपनी कमावते तरी. चलनात तसं काही नसतं, एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा. वर फ्युचरचा भाव हजर (आजच्या) भावापेक्षा सहसा चढा असतो, कारण आपल्याकडचं व्याज अमेरिकेपेक्षा जास्त. घेऊन बसलेल्याला तो फरक सोसावा लागतो. मला तो विम्याच्या हप्त्यासारखा परवडला, नुसत्या ट्रेडरला का परवडावा? एवढं खरं की शेअरवर एसटीटी आणि सोन्याच्या फ्युचरवर सीटीटी हे व्यवहारावरचे कर लागतात, चलनावर यातलं काही नाही.

एमसीएक्स या कमॉडिटी बाजारातलं सोनं मात्र भाच्याला मानवलं. बाजार रात्री साडेअकरापर्यंत तरी चालतो, त्यामुळे दुकान बंद करून बसता येतं. गोल्ड पेटल हा सौदा एका ग्रॅमचा, मार्जिनही तसंच लहान. शिवाय सोन्याच्या आपल्या भावात जागतिक भाव आणि डॉलर दोन्ही मिसळलेले असतात, तेव्हा रुपया घसरला की तिथेही दिसतं. काजूला मात्र असा कुठलाच वायदा नाही, याची खंत आम्हा कारखानदारांना कायमची.

मधल्या काळात त्याला टेलिग्रामवर कोणीतरी परदेशी फॉरेक्स ॲप दाखवलं, युरो-डॉलर, पाचशे पट लिव्हरेज, म्हणजे भरलेल्या पैशांच्या पाचशे पट सौदा. रिझर्व्ह बँकेची २०२२ पासूनची इशारा यादी उघडून दिली, त्यात ते नाव निघालं. यादीत नाव नसलं म्हणजे परवानगी असते असंही नाही. मार्जिनसाठी परदेशात पैसे पाठवणं फेमात (परकीय चलनाच्या कायद्यात) बसत नाही, हे ऐकल्यावर त्याने ते काढून टाकलं.

माझ्या सौद्याची खरी परीक्षा झाली ती रोजच्या एमटीएमने, म्हणजे दर संध्याकाळी त्या दिवसाचा नफा-तोटा खात्यात वळता होण्याने. आम्ही २१ लॉट घेतले होते. ज्या दिवशी रुपया १२ पैशांनी वधारला, त्या संध्याकाळी खात्यातून २,५२० रुपये गेले. तेवढाच कंटेनर स्वस्त झाला हे कागदावर बरोबर, पण ते पैसे दोन महिन्यांनी वाचणार आणि हे आज जाणार. भागीदारांना हे पटवायला मला वेळ लागला. म्हणून मार्जिनशिवाय वेगळी रोकड बाजूला ठेवावी, ती मजुरीच्या पैशांतून काढू नये.

एक बारीक गोष्ट. सौदा महिनाअखेरच्या दोन कामकाजी दिवस आधी, दुपारी साडेबाराला संपतो आणि हिशोब रुपयांतच होतो, डॉलर हातात येत नाहीत. आमचं पेमेंट ३० तारखेचं, त्यामुळे पुढच्या महिन्याचा सौदा घ्यावा लागला. तिथे घेणारे-विकणारे कमी, भावांत अंतर जास्त. मी लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाचीच ऑर्डर, लावून तीन-तीन लॉट उचलत गेलो. बँकेने पुरवठादाराचे पैसे पाठवले त्याच दिवशी सगळे लॉट विकून मोकळा झालो.