होम थिएटरचा पीसी: विंडोज, लिब्रेइलेक की पूर्ण लिनक्स?

टीव्हीखालच्या पीसीवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, हे ठरवण्याआधी एकच गोष्ट विचारा: चित्र येणार कुठून? नेटफ्लिक्ससारख्या सेवेवरून, की स्वतःच्या डिस्कवरच्या फाइलींमधून? बाकीचं बरंचसं यावरून आपोआप ठरतं.

सेवांचं ४के पीसीवरच हवं असेल, तर विंडोजला पर्याय नाही. लिनक्सवरच्या ब्राउझरमध्ये वाइडवाइन हे कॉपी-संरक्षण फक्त सॉफ्टवेअरच्या पातळीवर चालतं, म्हणून बहुतेक सेवा तिथे ७२०पी किंवा १०८०पीच्या वर जाऊ देत नाहीत. नेटचा वेग वाढवून यात काही फरक पडत नाही. विंडोजवरही अटी आहेतच. हार्डवेअरला दहा-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) डीकोड करता आलं पाहिजे (इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून पुढे) आणि ग्राफिक्सपासून टीव्हीपर्यंत प्रत्येक दुव्याला एचडीसीपी २.२ (एचडीएमआयवरचं कॉपी-संरक्षण) हवं. मधला रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) जुना असेल, तर ४के तिथेच अडतं. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो. म्हणजे ४के दाखवू शकणारा सातव्या पिढीचा पीसी बहुधा अधिकृत यादीबाहेर पडतो. माझं स्पष्ट मत असं: सेवा टीव्हीच्या ॲपवर किंवा स्ट्रीमिंग स्टिकवर बघा आणि पीसी फाइलींसाठी मोकळा ठेवा.

फाइलींसाठी लिब्रेइलेक. २०१६ साली ओपनइलेकमधून वेगळी झालेली ही लिनक्सवरची छोटी सिस्टिम कोडी हा मीडिया-प्लेअर चालवण्यापुरतीच आहे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि २ जीबी रॅम पुरते, ४ जीबी असेल तर उत्तम. मूळ सिस्टिम रीड-ओन्ली असते, त्यामुळे मधेच वीज गेली तरी ती सहसा बिघडत नाही. याच कारणानं तिच्यावर नेहमीसारखी पॅकेजं टाकता येत नाहीत; जे मिळतं ते ॲड-ऑनमधूनच. आवृत्ती ११ पासून मुख्य इमेज (उतरवून घ्यायची फाइल) एक्स११ ही चित्र दाखवण्याची जुनी व्यवस्था सोडून जीबीएम या नव्या व्यवस्थेवर चालते, आणि इंटेल व एएमडीवर एचडीआर (उजेड आणि रंगांचा जास्त पल्ला) त्यामुळेच मिळतं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ‘लेगसी’ नावाची वेगळी इमेज घ्या. तिच्यात एचडीआर नाही. एचडीआर हवं असेल तर खरेदी करतानाच एनव्हिडिया टाळा.

डिस्कवर टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. दहा-बिट एचईव्हीसी फाइल लावा आणि कीबोर्डवरचं ‘ओ’ दाबा. डीकोडरच्या नावापुढे ‘एचडब्ल्यू’ दिसलं तर काम हार्डवेअर करतंय. नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि ४के अडखळतं. एव्ही१ या नव्या पद्धतीच्या फाइली असतील तर इंटेलमध्ये अकरावी पिढी किंवा पुढची लागते.

यापुढचा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि मग सिस्टिमला नावं ठेवतात. चित्रपट सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा असतो आणि डेस्कटॉप ६० हर्ट्झवर. त्यामुळे एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा हळू सरकताना चित्र हिसके देतं. नेमकं २४ हर्ट्झ लावलं तरी साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम पुन्हा दाखवली जाते. कोडीच्या प्लेअर सेटिंगमध्ये, व्हिडिओखाली, रिफ्रेश रेट बदलण्याचा पर्याय ‘सुरू होताना व थांबताना’ असा ठेवा. रेट बदलताना टीव्हीला सावरायला क्षणभर लागतो आणि सुरुवातीचे संवाद गिळले जातात. त्यासाठी दोन-तीन सेकंदांचा विलंब द्या. ‘डिस्प्लेशी प्लेबॅक जुळवा’ हा पर्याय मात्र बंदच ठेवा, कारण तो चालू असला की आवाजाचा पासथ्रू (आवाज न उलगडता थेट रिसीव्हरकडे पाठवणं) बंद पडतो.

आवाजाचं म्हणाल तर ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे एचडी आवाजाचे प्रकार एचडीएमआयवरूनच जातात. ऑप्टिकल केबलवर जुनं डॉल्बी डिजिटल आणि साधं डीटीएस एवढंच. तिथे कोडीमध्ये चॅनेलची संख्या २.० ठेवली तरच डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतराचा पर्याय दिसतो. रिसीव्हर ५.१ चा म्हणून ५.१ निवडणं ही इथली नेहमीची चूक. विंडोजवर कोडी असेल तर आउटपुट वासापी निवडा, डायरेक्टसाउंडवरून एचडी आवाज जात नाही.

त्याच पीसीवर टॉरंट, बॅकअप, फाइल-सर्व्हर असं बरंच चालवायचं असेल तर डेबियन किंवा उबुंटू घ्या. हार्डवेअर डीकोडिंगसाठी इंटेलचा व्हीए-एपीआय ड्रायव्हर आहे ना ते तपासा. पल्सऑडिओ किंवा पाइपवायर हे आवाज हाताळणारे प्रोग्राम मधे आले की पासथ्रू रुसतो, म्हणून कोडीला थेट अल्साशी (लिनक्सच्या आवाजाच्या मूळ थराशी) बोलू द्या. हे सगळं अपडेटनंतर पुन्हा तपासावं लागतं, ती तयारी असेल तरच हा मार्ग धरा.

रिमोटची गोष्ट सिस्टिमइतकीच हार्डवेअरची आहे. बहुतेक पीसींच्या एचडीएमआयमध्ये सीईसी (रिमोटचे आदेश केबलवरून पाठवण्याची सोय) नसतं, म्हणून टीव्हीच्या रिमोटनं कोडी चालत नाही. यूएसबीचा सीईसी ॲडॉप्टर किंवा फ्लर्कसारखा इन्फ्रारेड रिसीव्हर लावा. बंद केलेला पीसी रिमोटनं सुरू होत नसेल तर आधी बायोसमध्ये ‘ईआरपी’ ही वीज वाचवण्याची सेटिंग बंद करा. ते चालू असलं की पीसी बंद असताना यूएसबीची वीज तुटते आणि रिसीव्हरला बटण दाबल्याचं कळतच नाही.