तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्यात राहून स्लेज हॉकीसाठी जादा बर्फ कुठून आणायचा?

स्लेज हॉकी म्हणजे खाली पाती लावलेल्या स्लेजवर बसून, दोन छोट्या काठ्यांनी खेळायची बर्फावरची हॉकी. काठ्यांच्या एका टोकाला दाते असतात, त्यांनी स्लेज पुढे ढकलायची. पणजीत पर्पल फेस्ट हा अपंग व्यक्तींचा महोत्सव भरला की व्हीलचेअरवरचे खेळाडू आणि त्यांचे आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. आमचं उत्तर असं, की जादा बर्फ, म्हणजे रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) सरावाची जादा वेळ, शोधायला निघण्याआधी हातात असलेला तास पूर्ण वापरायला शिका.

कारण बर्फ दूर आहे. डेहराडूनची 2011 साली उभी राहिलेली हिमाद्री रिंक बंदिस्त आणि पूर्ण मापाची आहे. शिमल्याची रिंक नैसर्गिक गोठणाची, म्हणजे थंडीपुरतीच. ऊन चढलं की बर्फ मऊ पडतो. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर, तिथे पहिले दोन दिवस विश्रांतीतच जातात. मोप्याहून विमानाने एवढं लांब जायचं आणि साठ मिनिटांतली पंधरा मिनिटं स्लेजचे पट्टे आवळण्यात घालवायची, हे परवडत नाही. पाय, गुडघे, कंबर यांचे पट्टे बाहेर रबरी मॅटवर आवळून घ्या आणि वेळ सुरू होताना दारातच तयार असा. दाराला उंबरठा असेल तर फळी आधीच मागून ठेवा.

रिंकच्या व्यवस्थापकाला पहाटेची किंवा रात्रीची शेवटची वेळ विचारा, कारण या वेळांना मागणी कमी असते. अख्खी रिंक मागू नका. वळण आणि पासच्या सरावाला एक तृतीयांश पुरते, त्यामुळे फिगर स्केटिंगच्या वर्गाशेजारी जागा मिळू शकते. मात्र त्याआधी बर्फ सपाट करणारं यंत्र फिरवून घ्या. सार्वजनिक स्केटिंगनंतर राहिलेल्या चरांत स्लेजची पाती अडकतात आणि स्लेज कलंडते.

बर्फावर तीनच गोष्टी करा: कंबर झुकवून वळणं, आडवं घसरून थांबणं आणि काठीच्या दात्यांनी बर्फात पकड घेऊन ढकलणं. चाकं आडवी घसरत नाहीत, म्हणून चाकांच्या स्लेजवर थांबणं शिकलेला माणूस बर्फावर पहिल्या दिवशी हमखास पडतो. बाकी सगळं घरी होतं.

घरासाठी 8 बाय 4 फुटांचं प्लायवूड घ्या, वर गुळगुळीत सनमायका चिकटवा. चारही कडा रंगाने बंद करा, नाहीतर आपल्या पावसाळ्यात प्लाय फुगून कडेला चढ येतो आणि पक (खेळातली रबरी चकती) उडतो. त्यावर पाच करवंट्या दीड-दीड फुटावर उपड्या ठेवा. पातळ उशीवर पाय पसरून बसा आणि दोन्ही हातांतल्या काठ्यांनी पक त्यांच्यामधून नागमोडी न्या. खरा पक सनमायक्यावर अडखळतो, तेव्हा सिलिकॉन स्प्रेचा हलका हात मारा. नियमाने स्लेजची चौकट बर्फापासून 8.5 ते 9.5 सेंटिमीटर उंच असते, म्हणून पक तिच्याखालून जातो. नऊ सेंटिमीटरच्या दोन ठोकळ्यांवर फळी टाका आणि एका हाताने पक तिच्याखालून ढकलून दुसऱ्या हाताने थांबवा. आमच्या मते सामन्यात सगळ्यात उपयोगी पडणारी युक्ती हीच, आणि तिला बर्फ लागत नाही.

चाकांच्या स्लेजवर ढकलायचा सराव गुळगुळीत फरशीच्या हॉलमध्ये करा. दात्यांच्या टोकावर मेडिकलमध्ये मिळणारं कुबडीचं रबर घट्ट बसवा. दमट फरशीवर ते सुटतं, आधी फडकं मारून घ्या. काठी कमरेच्या थोडी पुढे टेकवून मागे ढकला. फार पुढे टेकवली तर खांद्यावर ताण येतो आणि वेग मिळत नाही. रोज व्हीलचेअर ढकलणाऱ्यांचे खांदे आधीच थकलेले असतात. त्यांनी हा सराव आठवड्यातून तीनदाच करावा आणि खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून मागे ओढण्याचे बारा-बारा फेरे तीन वेळा जोडावेत.

ज्यांच्या पायांना किंवा बैठकीला संवेदना नाही, त्यांनी दर अर्ध्या तासाने स्लेजमधून वजन उचलावं. बाहेर आल्यावर कातडीवर लाल डाग आहे का, हे दुसऱ्याकडून तपासून घ्यावं. मोजे कोरडे हवेत. बधिर पाय गारठल्याचं कळत नाही.

परतताना काठ्या चेक-इन सामानात टाका. पाती आणि दाते रिंकवरच पुसून कोरडे करा, तेलाचा पातळ हात द्या, सुती फडक्यात गुंडाळा. रबरी गार्डमध्ये ओलं पातं ठेवलं तर आपल्या खाऱ्या हवेत लवकरच तांबेरा धरतो, आणि पुढच्या वेळचा पहिला अर्धा तास धार लावण्यात जातो.