गोल्डविंगवर सॅटेलाइट रेडिओ बसवला आणि नेवाडाच्या हायवे 50 ला लागलो

सॉल्ट लेक सिटीहून रीनोला जायचं तर लोक आय-80 धरतात, सकाळी निघालं की संध्याकाळी पोचता. आम्ही जाताना मुद्दाम खालचा हायवे 50 धरला, म्हणजे डेल्टा, बेकर, ईली, युरेका, ऑस्टिन, फॅलन आणि मग रीनो, आणि येताना 80 ने आलो. लाइफ मासिकाने 1986 साली ह्या 50 नंबरला अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं होतं आणि नेवाडावाल्यांनी तेच नाव पाट्यांवर लिहून मिरवलंय. ईलीपासून युरेका 77 मैल, युरेकापासून ऑस्टिन 70, ऑस्टिनपासून फॅलन 110, आणि मध्ये पेट्रोल, गाव, दुकान म्हणाल तर जवळपास काहीच नाही. फोनची रेंज गाव सोडलं की गायब. एफएम स्टेशन एका डोंगरापर्यंत साथ देतं, खिंड ओलांडली की नुसती खरखर.

म्हणूनच मला बाइकवर सॅटेलाइट रेडिओ, म्हणजे थेट उपग्रहावरून ऐकू येणारा रेडिओ, हवा होता. फोनवर गाणी भरून नेता येतात हे मलाही माहितीये, पण भरून नेलेली गाणी आणि त्या क्षणाला कुणीतरी कुठेतरी बसून बोलतंय ते ऐकणं ह्यात मला फार मोठा फरक वाटतो, विशेषतः अर्धा अर्धा तास समोरून एकही गाडी येत नाही तेव्हा.

आमची बाइक म्हणजे होंडाची गोल्डविंग जीएल1800, 2003 ची, सेकंडहँड घेतलेली. 1832 सीसी, सहा सिलिंडर, मागच्या सीटला पाठ टेकायला जागा, त्यामुळे बायको खूश. ह्या मॉडेलला कंपनीचा सॅटेलाइट रेडिओ नाही पण ऑक्स इनपुट, म्हणजे बाहेरच्या यंत्राचा आवाज वायरीने आत द्यायची जागा, आहे, म्हणून मी कारमध्ये लावतात तो सिरियसएक्सएम ह्या अमेरिकन सॅटेलाइट रेडिओ कंपनीचा ऑनिक्स मालिकेतला छोटा रिसीव्हर घेतला, तो हँडलबारला रॅम माउंटच्या (हवा तसा फिरवता येणाऱ्या पकडीच्या) बॉलवर बसवला, आवाज ऑक्समधून बाइकच्या अ‍ॅम्पला आणि अँटेना मागे डिकीच्या झाकणावर.

अँटेनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण सगळा खेळ तिथेच आहे. काडेपेटीएवढा चपटा तुकडा असतो, खाली लोहचुंबक, कारच्या टपावर ठेवला की चिकटतो. गोल्डविंगचं सगळं अंग प्लॅस्टिकचं, चुंबक धरणार कशाला? आणि नुसतं धरण्याचाच प्रश्न नाही, त्या अँटेनाला खाली धातूचा पत्रा लागतो, त्याने सिग्नल चांगला पकडतो. म्हणून तळहाताएवढा पोलादी पत्रा कापून घेतला, कडा घासल्या, काळा रंग मारला, जाड दुहेरी चिकटपट्टीने डिकीच्या झाकणावर बसवला आणि त्याच्यावर अँटेना. वायर झाकणाच्या बिजागरीपाशी आत घेतली, तिथे झाकण उघडताना ताण येणार नाही एवढी ढील ठेवली, उरलेली मोठा वेटोळा करून सीटखाली. ही वायर कुठे करकचून वळवायची नाही, आतली तार दुखावली की रिसीव्हर अँटेना सापडत नाही म्हणून ओरडत बसतो.

पुष्कळ जण अँटेना पुढे, काचेजवळ किंवा हँडलपाशी लावतात. मला ते पटत नाही. माझ्या रिसीव्हरला सिग्नल देणारे उपग्रह विषुववृत्तावर, साधारण 85 आणि 115 अंश पश्चिम रेखांशावर उभे आहेत. नेवाडातून पाहिलं तर 115 वाला जवळपास नाकासमोर दक्षिणेला, क्षितिजापासून 45 अंश वर, आणि 85 वाला आग्नेयेला त्याच्याहून खाली. म्हणजे तुम्ही उत्तरेकडे चाललात तर दोन्ही उपग्रह तुमच्या पाठीकडे, आणि अँटेना पुढे असेल तर मध्ये तुमचं आख्खं शरीर, मागे बसलेलं माणूस, वर डिकी. माणसाचं शरीर म्हणजे बहुतेक पाणीच, ह्या 2.3 गिगाहर्ट्झच्या लहरी ते चांगल्याच अडवतं. डिकीवर अँटेना असली की उत्तरेला, पूर्वेला, पश्चिमेला आकाश मोकळं, फक्त दक्षिणेला जाताना मागच्या सवारीचं डोकं मध्ये येऊ शकतं. आमचा रस्ता पूर्व-पश्चिम, त्यामुळे जाताना दोन्ही उपग्रह आमच्या डाव्या हाताला आणि मध्ये काहीच नाही.

करंटचं काम छोटं पण जपून करायचं. ह्या रिसीव्हरचा डॉक, म्हणजे तो ज्यात बसतो ती खोबण, 5 व्होल्टवर चालतो, बाइकची बॅटरी 12 ची, थेट जोडलात तर डॉक गेला. त्यामुळे मध्ये 12 चे 5 करणारा कन्व्हर्टर, त्याच्या आधी छोटा फ्यूज, आणि लाइन अशी निवडायची की किल्ली बंद केली की रेडिओही बंद, नाहीतर मोटेलबाहेर रात्रभर बॅटरी पीत बसेल. अर्थिंग अ‍ॅम्पचं आहे तिथेच दिलं. अर्थिंग दोन वेगळ्या जागी गेलं की ऑक्समधून बारीक शिट्टी येते, इंजिन चढलं की शिट्टी पण चढते, आणि हायवेवर ती तासभर कानात गेली की डोकं दुखायला लागतं. तरीही थोडी येतेच बऱ्याच बाइकवर, त्यासाठी ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो तो घालायचा, स्वस्त असतो. जोड सगळे क्रिंप केलेले, म्हणजे धातूच्या टोपणात दाबून पक्के केलेले, वर तापवली की आवळणारी श्रिंक ट्यूब, कारण बाइकची थरथर नुसत्या पिळलेल्या वायरी महिन्याभरात मोकळ्या करते. रिसीव्हर पावसाचा नाही हे लक्षात ठेवा, तो चटकन काढता यायला हवा.

मग बाइक गॅरेजबाहेर मोकळ्या आकाशाखाली आणायची, चॅनल शून्यवर रेडिओ आयडी दिसतो तो देऊन सबस्क्रिप्शन चालू करायचं, थोड्या वेळात वरून सिग्नल येतो आणि एकेक चॅनल उघडत जातं. गॅरेजात बसून वाट बघितली तर काही होणार नाही.

हे सगळं करताना मला सारखा पुण्याच्या घरातला वर्ल्डस्पेस, म्हणजे तेव्हाचा सॅटेलाइट रेडिओ, आठवत होता. एशियास्टार उपग्रह 105 अंश पूर्वेवर, म्हणून आमच्या घरात अँटेना पूर्वेच्या खिडकीत ठेवलेली असायची, तिला कुणी हात लावायचा नाही असा बाबांचा दंडक, आणि सकाळी गंधर्व चॅनलवर शास्त्रीय संगीत. भारतातली ती सेवा 2009 च्या 31 डिसेंबरला बंद झाली, रिसीव्हर घराघरात तसेच पडून राहिले, बाबांनी आमचा अजून टाकलेला नाही. तेव्हा सेट एका जागी ठेवूनच ऐकायचं होतं. आता तीच गोष्ट ताशी 70 मैलांनी पळत ऐकायला मिळतेय ह्याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

डेल्टा सोडलं आणि सेव्हियर लेकचं कोरडं पांढरं पात्र डाव्या हाताला लागलं तिथे फोन मेला. रेडिओ खणखणीत. युटा-नेवाडा सीमेपर्यंत रस्त्यावर काही नाही, बेकरच्या अलीकडे व्हीलर पीक दिसायला लागतं, 13,063 फूट, आणि त्याच्या अंगावर अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधम्मक झालेली. बायकोने हेल्मेटच्या इंटरकॉममधून सांगितलं, "अरे ते ट्रकवाल्यांचं लाव ना परत." रोड डॉग नावाचं ट्रक ड्रायव्हरांचं चॅनल आहे, तिला ते फार आवडलं, कुणी सांगतंय कुठल्या घाटात वारा आहे, कुणी घरी लेकीच्या वाढदिवसाला पोचतोय का ते बघतोय. मला रेडिओ क्लासिक्स. 1930 ते 50 च्या दशकातली जुनी अमेरिकन रेडिओ नाटकं, दाराचा करकर आवाज, बुटांचे टाप, पाऊस, सगळं आवाजानेच उभं करायचे. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या माणसाला हे किती जवळचं वाटतं ते मी काय सांगू. ह्यातले बहुतेक लोक बोलले तेव्हा कृत्रिम उपग्रह नावाची वस्तू बनलेलीसुद्धा नव्हती.

ईलीला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशीचा रस्ता म्हणजे खिंड, मग सपाट खोरं, मग परत खिंड, असं दिवसभर. 1860-61 मध्ये पोनी एक्सप्रेसचे घोडेस्वार ह्याच भागातून टपाल न्यायचे. खोऱ्यात रस्ता रेघ मारल्यासारखा सरळ, अँटेना निवांत. आवाज तुटला तो ऑस्टिन समिट ह्या खिंडीच्या वळणांवर, जिथे रस्ता डोंगराला चिकटतो आणि दक्षिणेला उभा कडा येतो, तेही एखाददोन वळणांपुरतं. नंतर एका जागी दाट झाडीखाली जेवायला थांबलो तिथे मात्र पूर्ण गप्प. पानं सिग्नल चांगलाच खातात, म्हणून थांबताना बाइक झाडापासून दोन पावलं बाहेर लावायची.

रीनोला मित्राकडे पोचलो, तो नागपूरचा, त्याने आधी सावजी केलेलं चिकन वाढलं आणि मग टॉर्च घेऊन बाइकखाली शिरला वायरिंग बघायला. त्याच्याकडे नवीन गोल्डविंग आहे, 2018 नंतरची, कारप्ले असलेली, म्हणजे आयफोन बाइकच्या स्क्रीनवर चालवता येणारी, त्याचं म्हणणं फोनमधलं अ‍ॅप लावलं की झालं. मी त्याला हेच सांगितलं की अ‍ॅप मोबाइलच्या टॉवरवर चालतं, ऑस्टिन ते फॅलनमध्ये टॉवर कुठून आणणार.

येताना आय-80 ने मजा वेगळी. पुलाखालून जाताना आवाज तुटत नाही, कारण एका उपग्रहाचा सिग्नल मुद्दाम काही सेकंद उशिरा सोडलेला असतो, एक चुकला तर रिसीव्हर दुसऱ्यातून जोडून घेतो. कार्लिनच्या बोगद्यात मात्र हे पुरत नाही. आत शिरल्यावर थोडा वेळ बीबीसीच्या बातम्या चालल्या, मग गप्प, बाहेर हम्बोल्ट नदी दिसली की परत सुरू. पुढे बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानात तर अडथळा नावाला नाही.

तीनएक गोष्टी अजून करायच्यात. रिसीव्हरचा स्क्रीन दुपारच्या उन्हात वाचता येत नाही, त्याला वरून छोटी झापड हवी. ग्लोव्ह घालून चॅनल बदलता यायला अंगठ्याजवळ बटण हवं, सध्या मी आवडीची चॅनल प्रीसेटला लावलीत. आणि पुढच्या उन्हाळ्यात ईलीवरून हायवे 93 ने सरळ वर वेल्सपर्यंत जायचंय, पूर्ण उत्तरेला, दोन्ही उपग्रह पाठीशी. तिथे डिकीवरची अँटेना कशी चालते ते बघून लिहीन. कुणी ह्या बाजूने गेलं असेल आणि पुढे अँटेना लावून उत्तरेला चालवली असेल तर कुठे कुठे तुटतं ते नक्की सांगा.