रानगुलाब ओळखताना सगळं अडतं ते एका मिलिमीटरवर

युरोपातल्या रानगुलाबांचे पहिले टप्पे भराभर पार पडतात. कुक्षिवृंत, म्हणजे फुलातल्या स्त्रीकेसरांचे दांडे, जुळून एकच दांडा झाला असेल तर रोझा आर्वेन्सिस. खोडावर सरळ, बारीक काट्यांची दाटी आणि फळ काळं, तर स्पिनोसिसिमा. पान चुरगळल्यावर सफरचंदाचा वास आला, तर रुबिजिनोसा किंवा तिच्या जवळची एखादी जात. गाडं अडतं ते कॅनिना की ड्युमॅलिस, या दोन सारख्या दिसणाऱ्या जातींवर. माझी चिडचिड अजून गेलेली नाही, कारण कितीतरी ओळखतक्ते 'छिद्र अरुंद' किंवा 'छिद्र रुंद' एवढंच लिहून मोकळे होतात. कशाच्या मानाने अरुंद, आणि मोजायचं नेमकं कुठे?

फळाच्या टोकाला चकती असते. तिच्यातल्या ज्या भोकातून कुक्षिवृंत बाहेर येतात, ते हे छिद्र. वरून मोजायला गेलं की केसाळ कुक्षिवृंतांचा झुपका भोक झाकून टाकतो आणि झुपक्याचाच व्यास नोंदला जातो. म्हणून मी वरून फक्त चकती मोजतो. मग नव्या ब्लेडने फळ देठापासून टोकापर्यंत उभं चिरायचं, कुक्षिवृंत सुईने बाजूला करायचे आणि दहापट भिंगाखाली ०.१ मिमीच्या खुणांवर भोकाची सर्वांत अरुंद जागा मोजायची. चीर मधोमध गेली नसेल तर भोक आहे त्याहून लहान दिसतं. असं फळ सरळ टाकून द्यावं. हातमोजे घाला, आतल्या केसांनी फार खाज सुटते.

कॅनिनाचं भोक चकतीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढं, ड्युमॅलिसचं साधारण तिसऱ्या. चकती ४ मिमीची धरली तर पाऊण आणि सव्वा मिलिमीटर, एवढाच फरक! एका फळावर निकाल देणं चूकच. एकाच झुडपाची किमान पाच फळं घ्या आणि मधला आकडा धरा. घोसातलं मधलं फळ नको, त्याचा आकार वेगळा असतो. पिकून मऊ झालेलंही नको, दाबलं की भोक पसरतं. रंग धरलेलं पण कडक फळ हवं.

त्याच सुमारास निदलंही, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांखालची हिरवी दलं, बघून घ्यावीत. कॅनिनाची मागे वळतात आणि फळ पिकण्याआधी गळतात. ड्युमॅलिसची पसरट किंवा उभी राहून जास्त टिकतात. उशिरा गेलात तर हा पुरावा हातचा जातो. पानं मात्र फुलोऱ्याच्या फांदीचीच घ्या, बुंध्यातून फुटलेल्या जोमदार धुमाऱ्यांची नकोत.

भोक चौथ्या हिश्श्याच्या आसपास आलं तर संकराचा संशय धरावा. या गटातल्या बहुतेक जाती पंचगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे पाच संच असलेल्या, आहेत: ३५ गुणसूत्रांपैकी २८ बीजांडातून येतात, ७ परागातून. त्यामुळे संकर आईकडे झुकतो आणि त्याच दोन जातींचे उलटसुलट संकर वेगळे दिसतात. अशा झुडपाला घाईने नाव न देता गुणोत्तर, निदलांची स्थिती आणि तारीख नोंदवून ठेवावी.