विश्वामित्रीचे 2,400 पूर आणि सगळ्यांचा क्लस्टर

ऑगस्ट 2024 मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 26 फूट. तिथल्याच अकोटा भागातल्या माझ्या मावशीचा तळमजला पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर ती म्हणाली, "तू एवढं कॉम्प्युटरवर शिकतेस, पाणी गल्लीत कुठवर येईल ते आधी नाही का गं सांगता येणार?" पुराचं मॉडेल, म्हणजे पाणी कुठवर पसरेल ते मोजणारा प्रोग्रॅम, मी त्यानंतर मनावर घेतलं.

असं मॉडेल एकदा चालवून भागत नाही. पाऊस किती, आजवा जलाशयातून पाणी किती सुटतं, पात्र किती खडबडीत म्हणजे मॅनिंगचा 'एन' किती, हे बदलून बदलून पाहावं लागतं. मॉडेल एकदा चालवणं म्हणजे एक रन; माझे असे 2,400 रन झाले. एक रन साधारण चार मिनिटांचा, म्हणजे लॅपटॉपवर जवळजवळ सात दिवस. म्हणून क्लस्टरचं, म्हणजे अनेकांनी वाटून वापरायच्या जोडलेल्या कॉम्प्युटरांच्या संचाचं, खातं काढलं.

पहिल्याच रात्री चुकले. लूप लिहून 2,400 वेगवेगळे जॉब, म्हणजे कामं, स्लर्मला दिले (स्लर्म हा क्लस्टरचा शेड्यूलर, कुणाचं काम कधी आणि कुठे चालेल ते ठरवणारा प्रोग्रॅम) आणि प्रत्येकाला अंदाजाने 32 जीबी मेमरी मागितली. अर्ध्या तासात सिस्टिम सांभाळणाऱ्या काकांचा फोन. "अगं बेन, शेड्यूलर अडकलाय. कुणाची रांगच दिसत नाहीये. आधी सगळे रद्द कर." मला फार वाईट वाटलं. त्याच मशीनवर कुणाचा प्रबंध अडून बसला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी शेजारी बसवून शिकवलं. आधी फक्त पाच रन टाकायला लावले आणि त्यांचा हिशेब काढला. सर्वाधिक मेमरी 2.6 जीबी! बाकीची मी नुसती अडवून ठेवत होते, कारण मागितलेली मेमरी वापरली नाही तरी ती दुसऱ्याला मिळत नाही. मग 4 जीबी मागायचं ठरलं.

पुढची गोष्ट जॉब अ‍ॅरेची, म्हणजे एकसारखी बरीच कामं क्रमांक देऊन एकदमच टाकायची; त्यातलं प्रत्येक काम म्हणजे एक टास्क. सगळे पर्याय एका फाइलीत, ओळीला एक रन. स्क्रिप्ट एकच, आणि टास्कच्या क्रमांकावरून ती आपल्या ओळी उचलते. पण स्लर्ममध्ये अ‍ॅरेचा क्रमांक मुळात 1,000 च्या पुढे जात नाही, आणि आमच्याकडे ती मर्यादा तशीच होती. शिवाय चार मिनिटांच्या जॉबसाठी शेड्यूलरला उठाबशा काढायला लावण्यात अर्थ नाही. म्हणून एका टास्कमध्ये आठ रन, एकूण 300 टास्क. क्रमांकांच्या पुढे टक्केचिन्ह आणि 60 लिहिलं, की एका वेळी साठच चालतात. वेळ मागितली 45 मिनिटं. वेळ खरी आणि कमी सांगितली, तर मोठे जॉब जागेची वाट पाहत असताना मधल्या फटीत आपले बसतात. याला बॅकफिल म्हणतात, आणि मला ही सोय मनापासून आवडते. आउटपुटच्या बारक्या फाइली नोडच्या, म्हणजे काम चालतं त्या क्लस्टरमधल्या कॉम्प्युटरच्या, स्वतःच्या डिस्कवर लिहून शेवटी एकच गठ्ठा परत आणायचा, हेही काकांनीच सांगितलं.

रात्री दहाला टाकलं. सकाळी 289 टास्क पूर्ण, पहिले अकरा मात्र वेळ संपून मेलेले. नेमके पहिलेच का? फाइल मी 'एन'च्या चढत्या क्रमाने लावली होती. 'एन' कमी म्हणजे पाणी वेगाने धावतं, मॉडेलला काळाची पावलं बारीक टाकावी लागतात, आणि रन लांबतो. सगळे हळू चालणारे रन सुरुवातीलाच एकत्र आले होते. स्क्रिप्टमध्ये तयार आउटपुट असलेला रन वगळण्याची ओळ घातली, फक्त ते अकरा क्रमांक दोन तासांच्या मुदतीने पुन्हा दिले, आणि पुढच्या वेळेसाठी फाइलीतल्या ओळी पिसून ठेवल्या.

दुपारी चारला शेवटचा टास्क संपला. काकांना कळवलं, आणि संध्याकाळी नकाशा घेऊन अकोट्याला गेले. मावशीने चष्मा लावून आधी आपली गल्ली शोधली.